धरणाच्या टापूवर गळ टाकायला अन् मुक्कामाला जाताय? मग तयारी अशी करा

दिवाळी झाली, धानाची कापणी आटोपत आली की आपल्या भंडारा-गोंदिया साईडच्या पोट्ट्यांचं एकच चालू होते, चला टापूवर (पाण्यातल्या बेटावर) जाऊ, गरी (गळ) टाकू, रात्री तिथंच झोपू. जा ना, नक्की जा. बॅकवॉटरच्या मधातल्या टेकाडावर रात्र काढण्यासारखी मजा दुसरी नाही, चारही बाजूनं पाणी, गावाचा एक लाईट दिसत नाही. पण रॉड कोणता घेऊ, तंबू ऑनलाईन मागवू का, हे विचारणारे खूप भेटतात आणि नावाडी कोण हे विचारणारा एखादाच. पहिले नावाडी ठरवा भाऊ. त्या पाण्यावर रोज जाळं टाकणारा धिवर माणूस सोबत असला तर बाकीचं अर्धं सामान नसलं तरी चालून जाते, आणि तो नसला तर कितीही महागाचं सामान असो, मी तरी तुम्हाला जा म्हणणार नाही.

आधी पाणी कोणतं ते पक्कं करा, काहून की सगळ्याच तलावात गरी टाकता येत नाही. नवेगावबांधच्या तलावात मालडोंगरी नावाचं बेट आहे, फोटो पाहून सगळ्यांना तिथंच जायचं राहते, पण तो सगळा भाग नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे, २०१३ पासून, तिथं मासेमारी पण नाही आणि मुक्काम पण नाही. पेंचच्या तोतलाडोहचं तसंच, ते पाणी राष्ट्रीय उद्यानाच्या आत येते. गोसेखुर्दचं बॅकवॉटर मोठं आहे, वैनगंगेच्या काठानं पार भंडाऱ्यापर्यंत, पण त्याच्या एका बाजूला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य लागून आहे, म्हणजे एक काठ चालतो आणि दुसरा काठ चालत नाही असा प्रकार. पाण्यात काही रेषा मारलेली नसते, त्यामुळे वनरक्षकाला विचारूनच टापू ठरवा, कोणता आपल्या हद्दीत आणि कोणता त्यांच्या. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि कडक आहे, मला माहीत नव्हतं म्हणून कोणी सोडत नाही.

आता परवानगीचं. धरणातली मासोळी ही मोकाट नसते, हे लोकांच्या डोक्यात बसतच नाही. तलाव आणि जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेले राहतात, संस्थेचे लोक स्वतःच्या पैशानं बोटुकली (माशांची पिल्लं) आणून सोडतात, वर्षभर राखण करतात, आणि मग आपण शहरातून दोन रॉड घेऊन जातो आणि सरकारचं पाणी आहे म्हणतो. त्या गावात धिवर समाजाची अख्खी घरं त्या पाण्यावर जगतात. म्हणून संस्थेच्या सचिवाला आठ दिवस आधी भेटा, किती जण येणार, गरीनंच धरणार, जाळं नाही, किती दिवस राहणार हे सांगा, ते जे पैसे सांगतील ते देऊन पावती घ्या. मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावाचं पण हेच आहे, तलाव लहान असला तरी बहुतेक वेळा संस्था असते. टापूची जागा पाटबंधारे विभागाची राहते, तर तिथल्या शाखा अभियंत्याच्या ऑफिसात पण एक अर्ज देऊन ठेवा, आणि धरणाची भिंत, गेट, सांडवा या भागात पायच ठेवायचा नाही. एवढं केलं की गावात कोणी अडवत नाही, उलट पाटलाच्या घरचा चहा होतो.

सीझन. माझ्या मते ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत आणि मग परत फेब्रुवारीत. पावसाळ्यात जाऊच नका, एक तर पाणी चढते आणि गेट कधी उघडतील याचा भरोसा नाही, दुसरं म्हणजे जून ते ऑगस्ट मासोळी गाभोळीची असते, त्या टायमाला मादी धरली की पुढच्या वर्षीचे मासे आपणच संपवले. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडची थंडी माहीत आहे, गोंदियाचा पारा कितीतरी वेळा विदर्भात सगळ्यात खाली असतो, तेव्हा रोहू-कतला सुस्त पडतात, नऊ-दहा वाजेपर्यंत तोंडच लावत नाहीत. राहायला मस्त वाटते पण गरीला कमी लागते.

आणखी एक गोष्ट जी बाहेरच्या माणसाला समजत नाही ती म्हणजे पाण्याची लेव्हल. नोव्हेंबरात धरण भरून असते, टापू लहान दिसतो पण काठ टणक असतो. मग रब्बीसाठी कालव्याला पाणी सोडायला लागले की पाणी रोज थोडं थोडं मागं सरकते, आणि मागं राहतो तो गाळ. वरून वाळून भेगा पडलेला दिसतो, पाय टाकला की मांडीपर्यंत आत. मार्चमध्ये तर काही टापू काठाला जुळून जातात आणि लोकांना वाटते आता चालतच जाऊ. नका जाऊ. डोंगा (लहान नाव) संध्याकाळी काठाला बांधला आणि सकाळी तो पाण्यापासून दूर गाळात बसलेला दिसतो असं पण होते, म्हणून रात्री दोर सैल सोडून डोंगा थोडा खोल पाण्यात खुंटाला बांधा.

नावेच्या बाबतीत मी कोणाचंच ऐकत नाही आणि तुम्ही पण ऐकू नका. प्रत्येकाला लाईफ जॅकेट, अंगात घातलेलं, बसायला खाली टाकलेलं नाही. पोहता येते म्हणणाऱ्याला पण. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात जवान पोट्ट्यांची नाव उलटली, जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडायला जाणाऱ्या बायांचा डोंगा वैनगंगेत बुडाला, सहा जणी गेल्या. त्या बायांना तर रोजचं पोट भरायला जायचं होतं, आपण शौकानं जातो, आपल्याला घाई कशाची. एका खेपेत माणसं कमी, सामान वेगळ्या खेपेत. मधात उभं राहायचं नाही, फोटोसाठी एका बाजूला झुकायचं नाही.

वाऱ्याचं गणित नावाड्यावर सोडा. सकाळी पाणी आरशासारखं असते, दुपार होता होता वारा सुटतो आणि मोठ्या बॅकवॉटरवर लाटा उठतात, लहान डोंग्याला तेवढ्या पुरतात. तो म्हणाला "आता नोका जाऊ भाऊ, वारा उतरू द्या" की बसून राहायचं, तुमची सुट्टी संपत असली तरी. म्हणून जायचं पण सकाळी आणि यायचं पण सकाळी, असंच ठरवा, आणि परतीच्या दिवशी संध्याकाळचं रेल्वे रिझर्वेशन वगैरे करून ठेवू नका.

पाण्याखाली बुडालेली झाडं हा दुसरा धोका. धरण बांधलं तेव्हा जे जंगल, जी शिवारं बुडाली त्यातले सागाचे, मोहाचे खुंट अजून तसेच उभे आहेत, काही वर दिसतात, काही हातभर खाली राहतात ते दिसत नाहीत. नावाड्याला ते सगळे तोंडपाठ असतात, कुठे कोणत्या गावाची पाळ होती, कुठे देऊळ होतं, त्यावरून तो वाट काढतो. आणि पाण्यावर प्लास्टिकच्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे ओळीनं तरंगताना दिसले तर तो कचरा नाही, खाली जाळं लागलेलं आहे. त्याच्यावरून मोटारीची नाव चालवायची नाही, त्याच्याजवळ गरी टाकायची नाही, आणि गरी अडकलीच तर आपली लाईन तोडायची, जाळं नाही. एक जाळं विणायला, घ्यायला काय लागते ते त्या घरातल्या बाईला विचारा.

टापूवर उतरलं की लगेच तंबू ठोकायला घेऊ नका, आधी एक चक्कर मारा. काठाच्या वर वाळलेल्या शेवाळाची, काड्याकुड्यांची एक रेघ दिसते, तिथपर्यंत पाणी चढलेलं असते, तंबू त्या रेघेच्या वरच. हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तरेकडून येतो, तर टेकाडाच्या दक्षिण उतारावर जागा पाहा, दरवाजा पण दक्षिणेकडं ठेवा, रात्री फरक समजते. वाळलेल्या झाडाखाली नाही, दगडांच्या ढिगाजवळ नाही, मुंग्यांच्या वारुळाजवळ तर नाहीच. उघड्या वाळूच्या, खड्यांच्या टापूवर फेब्रुवारीनंतर जात असाल तर पाय जपून टाका. नदी सुरय पक्षी तिथं जमिनीवरच अंडी देतो, घरटं वगैरे काही नाही, नुसता उथळ खळगा आणि त्यात खड्याच्या रंगाची दोन-तीन ठिपक्यांची अंडी, एकदम जवळ गेल्याशिवाय दिसतच नाहीत. पक्षी डोक्यावर ओरडत घिरट्या मारत असला तर समजून घ्या की तुम्ही त्याच्या घरात उभे आहात, सामान उचला आणि दुसरा टापू पाहा. उन्हात ती अंडी थोडा वेळ जरी उघडी राहिली तरी आतलं पिल्लू मरते.

सामानात काय घ्यायचं तर चेन पूर्ण लागणारा तंबू, खाली टाकायला जाड ताडपत्री, ब्लँकेट वाटते त्याच्यापेक्षा एक जास्त, दोन हेडलाईट (डोक्याला बांधायच्या बॅटऱ्या), नायलॉनचा दोर, सुरी, पक्कड (गरी हातात घुसली तर लागते), पॉवर बँक, एक शिट्टी. पिण्याचं पाणी घरून न्या, माणशी दिवसाला पाच लिटर धरा, चारही बाजूनं पाणी आहे म्हणून कमी नेऊ नका. गोसेखुर्दच्या बॅकवॉटरबद्दल तर वेगळं सांगा लागते, नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून वैनगंगेत येते, ते पाणी उकळूनही पिऊ नका, आणि खायची मासोळी धरायची असेल तर कन्हानचा संगम सोडून वरच्या अंगाला जा. ही गोष्ट मला फार लागते. ज्या नदीवर इतकी गावं जगली तिचं पाणी आज तोंडात घ्यायची सोय नाही.

आता मासोळीवर येऊ, ज्याच्यासाठी एवढं सगळं. तीन मासे लक्षात ठेवा, रोहू, कतला, मिरगल. तिघं एकाच पाण्यात राहतात पण वेगवेगळ्या माळ्यावर जेवतात. कतला वर, रोहू मधात, मिरगल तळाला. म्हणजे फ्लोटच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या) खाली लाईन किती सोडायची यावर कोण लागणार ते ठरते. आठ-दहा फुटाचा रॉड, मध्यम रील, ०.३५ मिलिमीटरची मोनो (एकपदरी नायलॉनची) लाईन पुरे होते. बांबूची काठी पण चालते, गावातले म्हातारे त्याच्यावरच आपल्यापेक्षा जास्त काढतात.

चारा विकतचा घेऊ नका. शेंगदाण्याची ढेप भाजून कुटायची, त्यात धानाचा कोंडा, थोडी कणिक, गुळाचं पाणी, भाजून कुटलेली मेथी आणि बडीशेप. भाजताना वास सुटला की लगेच उतरवा, जळली तर मासोळी फिरकत नाही. घट्ट मळायचं, इतकं की गोळी पाण्यात लगेच फुटली नाही पाहिजे पण दहा मिनिटात हळूहळू विरघळली पाहिजे. घरीच बकेटीत पाणी घेऊन एक गोळी टाकून पाहा, किती वेळात सुटते ते समजते. आदल्या संध्याकाळी ठरलेल्या जागी याच मसाल्याचे चार-पाच मोठे गोळे आणि उकडलेला भात टाकून ठेवा, आणि सकाळी तिथंच बसा. जागा सारखी बदलणारा माणूस उपाशी येतो.

रोहू लागताना आधी फ्लोट नुसता टुचटुच करते. तेव्हा झटका मारायचा नाही, हात शिवशिवतो, तरी नाही. दोन-चार टुचक्या झाल्या की फ्लोट एका बाजूला सरकायला लागतो आणि तिरपा आत जातो, तेव्हा मनगटानं उचलायचं, खांद्यानं नाही. मोठी असली की सरळ खुंटाकडे पळते, तिला माहीत असते. रीलचा ड्रॅग (लाईन सुटू देणारा ब्रेक) आधीच थोडा सैल ठेवला तर लाईन तुटत नाही, रॉड वर धरून तिला दमू द्या. काठाजवळ आली की पांढरं पोट दाखवते आणि सगळ्यांना वाटते झालं, पण एक शेवटची धाव ती मारतेच, तेव्हाच जास्त मासे सुटतात. हातानं लाईन धरू नका, झोळी पाण्यात आधी ठेवून तिला वर आणा.

मरळ वेगळी गोष्ट आहे. ती शिकारी मासोळी, कमळाच्या पानात, गवतात, उथळ पाण्यात दबा धरून राहते आणि हवा घ्यायला वर येते. सकाळी शांत बसून पाहा, गवताच्या मधात गुळुक आवाज येऊन एक गोल उठते, तीच जागा. तिला रबरी बेडूक चांगला चालतो, जाड ब्रेडेड लाईनवर, त्या जागेच्या पुढं फेकायचा आणि थांबत थांबत पानावरून ओढत आणायचा. पाणी फुटलं की लगेच ओढू नका, एक-दोन आकडे मोजून मारा. आणि उथळ पाण्यात लालसर बारीक पिल्लांचा गोळा वर-खाली करताना दिसला तर तिथं गरी टाकायची नाही, मायबाप दोघंही खालीच राखण करत असतात, ते काही खायला नाही तर पिल्लं वाचवायला गरीवर येतात. अशी मरळ धरली की तासाभरात ती पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात.

रात्री तळाला गांडूळ लावून गरी सोडली तर शिंगाळा, वाम असे लागतात. शिंगाळ्याचे काटे पाहून घ्या, पाठीवर एक आणि बाजूला दोन, हातात घुसला तर रात्रभर ठणकते, ओल्या फडक्यानं मागून धरायचं. थाई मांगूर लागला तर परत पाण्यात सोडू नका, त्याच्यावर आपल्या देशात बंदी आहे, तो तलावातले बाकीचे मासे खाऊन साफ करून टाकते. बाकी अर्धा किलोच्या आतली रोहू-कतला असली तर हात ओला करून गरी काढा आणि सोडून द्या. खाण्यापुरतं धरायचं.

खायचं म्हटलं तर टापूवर मला पानातली मासोळीच आवडते. आधी राखेनं चोळून साफ करायची, बुळबुळीतपणा पूर्ण जाते. मीठ, हळद, भिवापुरी तिखट, लसूण आणि सांबार (कोथिंबीर) वाटून आतबाहेर लावा, थोडं जवसाचं तेल, चार-पाच पळसाच्या पानात गुंडाळून बांधा आणि निखाऱ्यात दाबा, जाळात नाही. वरचं पान काळं पडून आतलं हिरवंच राहते तेव्हा झालं समजायचं. सोबत घरून आणलेला चिन्नोरचा भात. रस्सा करायचा तर भेदरं (टमाटे) टाका, चिंच टाका, पण घाईनं ढवळू नका, तुकडे फुटतात. उभं झाड तोडायचं नाही, वाहून आलेलं लाकूड पुरते, आणि निघताना विस्तवावर बकेटभर पाणी.

रात्रीची काळजी. मण्यार रात्री फिरते आणि अंथरुणात शिरते, तिचा दंश दुखत पण नाही, म्हणून तंबूची चेन कायम बंद, बूट सकाळी झटकून घाला, लघवीला जाताना लाईट पायाजवळ मारा. कोणाला सकाळी पोटात दुखायला लागलं आणि पापण्या जड पडल्या तर ॲसिडिटी म्हणत बसू नका, कापू नका, बांधू नका, सरळ डोंग्यात टाका आणि दवाखाना. सापाचं इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात आहे ते जायच्या आधीच विचारून ठेवा. १०८ ला गाडी काठावर बोलवायची तर रेंज कुठे येते ते पण दिवसाच पाहून ठेवा, बहुतेक वेळा टेकाडाच्या टोकावर एखादी काडी मिळते. अर्जुनी मोरगाव, गडचिरोलीकडं जात असाल तर हत्तींची पण खबर घ्या, २०२१ पासून कळप तिकडं आहे. दारू नेऊ नका. मी पिण्याच्या विरोधात आहे म्हणून नाही, पाण्याच्या मधात आहात म्हणून.

निघायच्या दिवशी उजाडलं की आधी तंबू ओला असला तरी गुंडाळा, वारा सुटायच्या आत निघायचं आहे. लाईनचे तुटके तुकडे एक एक वेचा, त्याच्यात बगळ्यांचे, बदकांचे पाय अडकून ते मरतात. काठावर आलात की धरलेली मासोळी संस्थेच्या माणसाला दाखवा, ठरल्यापेक्षा जास्त असली तर वजन करून पैसे द्या, आणि नावाड्याचे पैसे तिथल्या तिथं रोख. उरलेली मासोळी घरी न्यायची असेल तर पोट साफ करूनच बर्फात टाका, उन्हात डिक्कीत तशीच ठेवली तर साकोली येईपर्यंत गेली.